खुर्चीतून आपापलं उठता यावं म्हणून: थकलेल्या ज्येष्ठांसाठी घरचा व्यायाम

सकाळी कमला नेहरू पार्कात किंवा सारसबागेत चक्कर मारली, तर पुण्यातल्या ज्येष्ठांना व्यायाम शिकवायची गरजच काय, असं वाटेल. पण बागेत येणारे ज्येष्ठ मुळात चालते-फिरते असतात. पेठांमधल्या, सहकारनगर-कोथरूडच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणारे, जिना उतरून कित्येक महिने झालेले, पलंग ते बाथरूम आणि बाथरूम ते खुर्ची एवढंच चालणारे आजी-आजोबा तिथे दिसत नाहीत. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते आणि माझा बहुतेक दिवस याच घरांत जातो. हा लेख त्या आजी-आजोबांसाठी आणि त्यांचं करणाऱ्या लेकी-सुना, मुलं आणि कामाच्या मावशींसाठी आहे.

या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "या वयात कसला व्यायाम? पडल्या-बिडल्या म्हणजे?" भीती खरी आहे. पण बसून राहिल्याने पडणं टळत नाही, उलट जवळ येतं. उतारवयातला धडधाकट माणूससुद्धा सलग १० दिवस अंथरुणावर राहिला, तर त्याच्या पायांतले जवळपास १ किलो स्नायू जातात. आधीच खंगलेल्या माणसाकडे घालवायला एवढे स्नायू नसतातच. म्हणून न्यूमोनिया बरा होतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, पण आई काही पुन्हा उठून स्वयंपाकघरात येत नाही.

गेलेली ताकद परत येते, अगदी नव्वदीतही. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियातारोने या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या अशक्त माणसांकडून ८ आठवडे मांड्यांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ते व्यायाम हलकेफुलके नव्हते, चांगले जड वाटतील असे होते. घरी नेमकं हेच राहून जातं. हात-पाय हलवून घेतले, प्राणायाम झाला, चार येरझाऱ्या झाल्या की व्यायाम झाला असं आपण धरतो. प्राणायाम चांगलाच आहे, जरूर करा. पण मांडीला जोर पडल्याशिवाय मांडीत जोर येत नाही.

दुसरी अडचण आपल्या मायेची आहे. आई उठायला लागली की आपण धावत जाऊन तिला काखेत हात घालून उचलतो. पाणी हातात, ताट मांडीवर, टॉवेल बाथरूमच्या दारात. दिवसभरात तिच्या पायांना जी थोडीफार कामं मिळाली असती, ती सगळी आपण करून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यात व्यायामाइतकंच महत्त्व आपण हात कधी लावायचा नाही याला आहे.

आधी डॉक्टर, मग खोली

नेहमीच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, लघवी जास्त होण्याच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर चक्कर येऊ शकते. घरी बीपीचं मशिन असेल तर आधी ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अशा व्यक्तीने उठताना पलंगाच्या कडेला बसून मिनिटभर पावलं वर-खाली करावीत आणि मगच उभं राहावं.

छातीत दुखतंय, बसल्याजागी दम लागतोय, ताप आहे, एकच पोटरी नव्याने सुजून दुखतेय, नुकतंच पडणं झालंय आणि कुठेतरी ठणकतंय, किंवा विश्रांती घेऊनही बीपीचा वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर आहे, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर जोर लावायचे व्यायाम कधी सुरू करायचे हे डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं आणि कंबर पिळणं नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम करू नये. साखर १०० च्या खाली दिसली तर आधी काहीतरी खावं.

वेळ साधारण सकाळी दहाची बरी. नाश्ता होऊन तासभर झालेला असतो, सांधे सैल झालेले असतात, थंडीतला पहाटेचा गारठाही गेलेला असतो. मे महिन्यात दुपार टाळा.

आता खोलीकडे बघा. पायपुसणं फरशीवर सरकतं का? सरकत असेल तर उचलून टाका. पावसाळ्यात ओलं पायपुसणं आणि मोरीतून आलेली ओली पावलं यांनी फार माणसं पडतात. चार्जरची वायर, सतरंजीची दुमडलेली कड, मधेच ठेवलेला पाट, सगळं बाजूला. थंडीत मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर व्यायाम करू नका. एकतर अनवाणी, नाहीतर मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल. साडीच्या निऱ्या आणि लांब गाऊन घोट्याच्या वर खोचून घ्या. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असू द्या.

आज कुठे आहोत

दोन मोजमापं पुरतात. पहिलं: हात छातीवर घेऊन खुर्चीतून सलग ५ वेळा उठायला-बसायला किती सेकंद लागतात? १५ पेक्षा जास्त लागले किंवा पाच वेळा जमलंच नाही, तर पायांत ताकद कमी आहे असं समजायचं. दुसरं: फरशीवर ४ मीटर अंतरावर दोन चिकटपट्ट्या लावा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. सुरुवात पहिल्या पट्टीच्या दोन पावलं आधी करा. ५ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर चाल मंदावली आहे. काठी किंवा वॉकर असेल तर तो घेऊनच चाला. आकडे आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. महिन्याने पुन्हा मोजा.

जे बहुतेक वेळ अंथरुणातच असतात

त्यांनी इथून सुरुवात करावी, इतरांनी हा भाग सोडला तरी चालेल. उताणं झोपून पावलं वर-खाली २० वेळा. मग गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवून, गुडघ्याने ती पलंगात दाबायची, ५ आकडे मोजायचे, सोडायची. असं १० वेळा. गुडघे दुमडून, तळवे पलंगावर टेकवून कंबर जेमतेम उचलायची, सुरुवातीला २-३ वेळाच. बेडपॅन देताना, कपडे बदलताना तीच हालचाल लागते, म्हणून तेवढ्यापुरतं "आई, कंबर उचल" म्हणायची सवय ठेवा, उचलून घेऊ नका. यानंतर दिवसातून तीनदा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, पावलं जमिनीला टेकवून बसायचं. आधी २ मिनिटं, मग ५, मग जेवणापुरतं. जेवण बसूनच. कडेला १० मिनिटं आधाराशिवाय बसता आलं की पुढच्या भागाकडे वळता येतं.

ऊठ-बस

एकच व्यायाम करायला सवड असेल तर हा करा. कमोडवरून उठणं, रिक्षातून उतरणं, आरतीला उभं राहणं, सगळ्यात हीच हालचाल आहे. स्वतः उठता येतं की नाही, यावर कोण घरात एकटं राहू शकतं हे बऱ्याचदा ठरतं.

खुर्ची हात असलेली, भक्कम, बैठक साधारण दीड फूट उंच. डायनिंग टेबलची लाकडी खुर्ची उत्तम. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते, ती नको. सोफ्यात माणूस खाली रुततो, तोही नको. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा.

१. बैठकीवर पुढे सरका. अर्धी बैठक मोकळी राहिली पाहिजे.

२. पावलं मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. दोन पावलांत वीतभर अंतर.

३. पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत. उठता न येणारी बहुतेक माणसं पाय पुढे पसरून, पाठ मागे ठेवून उठायचा प्रयत्न करतात. तसं तरुण माणसालाही उठता येत नाही.

४. तळव्यांनी जमीन दाबत उठा. उठताना तोंडाने श्वास सोडा. श्वास कोंडू नका.

५. पूर्ण सरळ उभं राहा, नजर समोर. दोन आकडे मोजा.

६. मांड्यांच्या मागे खुर्ची लागतेय ना, बघा. मग चार आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसणं नाही. सावकाश बसण्यातच अर्धी ताकद तयार होते.

पाच वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा पाच वेळा. दहा-दहा सहज व्हायला लागले की पुढची पायरी घ्या. पायऱ्या अशा: आधी बैठकीवर घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवायची आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबत उठायचं. मग गोधडी काढायची. मग एकाच हाताचा आधार. मग हात छातीवर. शेवटी छातीशी किलोभर तांदळाची पिशवी धरून. प्रत्येक पायरीवर शेवटच्या दोन ऊठ-बशी कष्टाने व्हायला हव्यात, पण अर्धं वाक्य बोलता येण्याइतका श्वास शिल्लक हवा. दहाही सहज होत असतील तर ती पायरी आता सोपी झाली.

मदत करणाऱ्याने बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. एक हात कमरेमागे, अंगाला न लावता तयार. काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. समोरून दोन्ही हात धरून खेचूही नका. नारायण पेठेत एका आजींकडे मी जाते. त्यांची लेक दर वेळी समोरून हात द्यायची आणि आजी पाठ मागे टाकून त्या हातांना लोंबकळायच्या. लेकीला बाजूला उभं केलं. आजींच्या समोर हातभर अंतरावर स्टूल ठेवलं आणि त्यावर त्यांचा चष्म्याचा डबा. "डब्याला हात लावा" म्हटल्यावर आजी पुढे झुकल्या, कंबर बैठकीवरून सुटली आणि पाय थरथरत का होईना, उभ्या राहिल्या. दोन्ही गुडघे घट्ट सरळ होईपर्यंत लेकीचा हात तीनदा पुढे आला आणि तीनदा मागे गेला. तो मागे जाणं सोपं नसतं, हे मला दिसत होतं.

गुडघेदुखी असेल तर? व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत निवळलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखत असेल तर एक पायरी खाली या, बंद करू नका. संधिवाताच्या गुडघ्याला मांडीचा स्नायू बळकट होण्याचा फायदाच होतो.

ओट्याला धरून

स्वयंपाकघराचा ओटा हलत नाही, सरकत नाही आणि कमरेइतका उंच असतो, यापेक्षा चांगला आधार घरात नाही. गॅस बंद असताना, मागे खुर्ची ठेवून उभं राहा.

टाचा उचलून चवड्यांवर या, सावकाश खाली, १० वेळा. मग बोटं उचलून टाचांवर, १० वेळा. पायाची बोटं नीट उचलली गेली नाहीत की उंबऱ्याला ठेच लागते, म्हणून हा दुसरा भाग गाळू नका. मग एक पाय सरळ ठेवून बाजूला वीतभर न्या आणि परत आणा. अंग दुसरीकडे कलू देऊ नका. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा. मग गुडघा मागे दुमडून टाच वर, तेही आठ-आठ. सोपं झालं की घोट्याला वजन: जुन्या मोज्यात पाव किलो मूग भरून गाठ मारा आणि ओढणीने बांधा, पुढे अर्धा किलो. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर कोणत्या हालचाली करायच्या नाहीत ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

हातांसाठी भिंतीला तळवे टेकवून ढकलणं आणि ओला टॉवेल पिळणं पुरेसं आहे.

तोल

तोल सुधारतो, पण तो थोडा डळमळेल अशा स्थितीत उभं राहिल्यानेच. म्हणून हे ओट्याजवळच आणि कुणीतरी शेजारी असतानाच करायचं. पावलं जुळवून १० सेकंद. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. तेही जमलं की एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, रेषेवर उभं राहिल्यासारखं. प्रत्येक स्थितीत आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात जरा वर. ३० सेकंद स्थिर राहता आलं की पुढची स्थिती.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरी करायचा असाच कार्यक्रम तयार झाला: पायांची ताकद, तोल आणि चालणं. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. नुसत्या चालण्यावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. तोल आणि ताकद नसताना जास्त चालायला लावलं तर पडायच्या संधीच वाढतात.

आपल्या पुण्यातच बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, लोड, विटा यांचा आधार देऊन आजारी आणि वृद्ध माणसांकडून आसनं करून घेण्याची पद्धत घडवली. शिवाजीनगरची त्यांची रमामणी अय्यंगार संस्था १९७५ पासून आहे. ज्यांचं पूर्वी योगासनांचं अंग होतं, त्यांना खुर्चीचा आधार घेऊन केलेली उभी आसनं जवळची वाटतात, तीच घ्या. मात्र शिकवणारा माहीतगार हवा, मोबाइलवर बघून नको.

चालणं आणि जिना

घरातच हॉल ते मागची खोली, दिवसातून चार-पाच वेळा. वॉकर असेल तर तो पुढे ठेवून, मग पाऊल. वॉकर फार पुढे ढकलून मागून घसटत येणं धोक्याचं. पुढचा टप्पा पार्किंगमध्ये. रस्त्यावरचे फुटपाथ तुटके, वर-खाली, मधे दुचाक्या लावलेल्या, तिथे नवशिक्या पायांना नेऊ नका. रिक्षाने एखाद्या सपाट वाटेच्या बागेत जाणं परवडलं.

चालताना गप्पा मारून बघा. उत्तर देण्यासाठी प्रत्येक वेळी थांबावं लागत असेल तर तोल अजून कच्चा आहे, एकट्याने बाहेर नको.

जिन्यासाठी तळाची एकच पायरी घ्या, कठडा धरून चढा-उतरा, पाच वेळा. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायाबरोबर. मग दोन पायऱ्या, मग पहिलं वळण. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, म्हणून वर गेल्यावर परतीपुरता दम ठेवा. मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवायला सोसायटीला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

आठवडा

ऊठ-बस आणि ओट्याचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यात किमान तीन दिवस करायला सांगते. चालणं रोज. एका वेळी अर्धा तास झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, फायदा तेवढाच. पहिला फरक साधारण महिन्याभराने जाणवतो, तोवर धीर धरा. केलं त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा.

ब्युरोकडून आलेल्या मावशींना हे स्वतः करून दाखवा. त्यांना कामावर ठेवताना "आजींना पडू देऊ नका" एवढंच सांगितलेलं असतं, म्हणून त्या आजींना बसवूनच ठेवतात. त्यात त्यांचा दोष नाही. "पाणी प्यायला आजींनी स्वतः उठायचं, तुम्ही शेजारी उभ्या राहायचं" असं नेमकं काम सांगा.

आणि आजी किंवा आजोबा नको म्हणाले तर? "तब्येतीसाठी करा" याने कुणी हलत नाही. त्यांना काय हवंय ते विचारा. एका आजोबांना सोसायटीच्या गणपतीत सगळ्या आरत्या संपेपर्यंत उभं राहायचं होतं. आम्ही तेवढाच वेळ ओट्याला धरून उभं राहायचं ठरवलं आणि दर आठवड्याला एकेक आरती वाढवली. विसरभोळेपणा वाढलेल्यांना तोंडी सूचना देऊ नका. समोर बसून तुम्ही करा, ते बघून करतात. वेळ आणि खुर्ची रोज तीच ठेवा.

ताटात काय

प्रथिनांशिवाय स्नायू होत नाहीत. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. चहा-बिस्किटं, पातळ वरण-भात आणि रात्री पेज यात निम्मीही होत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. अंडं चालत नसेल तर मुगाचं धिरडं, घट्ट वरण, दही, मऊ शिजवलेली उसळ, कोशिंबिरीत दाण्याचं कूट. एकाच जेवणात सगळं नको, तिन्ही वेळा थोडं थोडं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या.

पडलेच तर

घाईने उचलू नका. खुब्यात जोरात दुखतंय, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, डोक्याला लागलंय, तर आहे तिथेच पांघरूण घालून १०८ ला फोन. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना डोकं आपटलं, तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच. काहीच दुखत नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर या, रांगत खुर्चीपर्यंत जा, बैठकीवर हात ठेवा, बरा पाय पुढे टेकवून गुडघ्यावर या आणि वळून बसा. गुडघे साथ देत असतील तर हे फिजिओथेरपिस्टसमोर जाड गादीवर एकदा करून बघावं. एकट्या राहणाऱ्यांनी घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी आणि मोबाइल गळ्यात अडकवावा, कारण टेबलावरचा फोन जमिनीवरून हाताला लागत नाही.

आजारपणानंतर

इथेच सगळं मोडतं. ताप, जुलाब, हॉस्पिटलचे चार दिवस, आणि महिन्यांची कमाई जाते. हॉस्पिटलमध्ये असतानाच डॉक्टरांना रोज विचारा, "आज यांना खुर्चीत बसवू का? बाथरूमपर्यंत चालवू का?" परवानगी मिळाली की जेवण खुर्चीतच. घरी आल्यावर पूर्वी होती त्या पायरीवरून नाही, दोन पायऱ्या खालून सुरुवात करा: बैठकीवर पुन्हा गोधडी, पुन्हा दोन्ही हातांचा आधार, पाचऐवजी तीन ऊठ-बशी. डिस्चार्जच्या कागदावर फक्त गोळ्या लिहिलेल्या असतील, तर निघण्याआधी तिथल्या फिजिओथेरपिस्टला बोलावून घ्या आणि पहिल्या आठवड्याचे व्यायाम त्याच कागदाच्या मागे लिहून घ्या.